जुना टेबल लॅम्प घेताना



गेल्या वेळी पावसाळ्यात पीठ-रवा कसा सांभाळायचा ते लिहिलं होतं. आज विषय वेगळा आहे, पण घरातलाच. दिव्याचा.

आमच्या धाकट्या दिरांची मुलगी पुण्यात नव्या घरात राहायला गेली. तिला लिहायच्या टेबलावर ‘अँटिक’ लॅम्प हवा आहे. महिन्याभरात तिने मला तीन फोटो पाठवले. पहिला पितळी बुडाचा रॉकेलचा दिवा, वर दुधी काचेचा गोळा. दुसरा हिरव्या शेडचा, सिनेमात वकिलाच्या टेबलावर दिसतो तसा. तिसरा रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेला. खाली प्रश्न : “काकू, यातला खरा जुना कुठला? आणि घेऊ कुठला?”

तिने मलाच का विचारलं हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तिच्या पणजीचा टेबल लॅम्प मी मोडीत दिला होता.

ते साल १९८७. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. सवच्या घरी दिवाळीची आवराआवर चालली होती. माळ्यावर एक काळवंडलेला पितळी दिवा सापडला. वीज येऊन बरीच वर्षं झाली होती, दिव्याला कोणी हात लावत नव्हतं. दारात मोडवाला आलेला. त्याने तागडी धरली, एक किलो सहाशे ग्रॅम भरला. त्या बदल्यात मी स्टीलचे दोन डबे घेतले आणि घरखर्चाच्या वहीत नोंदही केली : ‘जुना दिवा, मोड’. मी बी.कॉम. झालेली, न वापरातली वस्तू अडवून ठेवायची नाही असं माझं शिक्षण.

आजेसासूबाई, ज्यांना घरात सगळे बा म्हणत, ओटीवर सामायिकाला बसल्या होत्या. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, त्या उठल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, “काच पण दिलीस का?”

काच दिली नव्हती. मोडवाल्याला काच नकोच होती. “मग ती नीट ठेव,” म्हणाल्या, आणि पाणी प्यायला आत गेल्या.

बा १९९६ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षी महाडच्या दुकानातल्या जुन्या चोपड्या मी आणि मामंजी चाळत होतो. संवत १९९८ च्या चोपडीपासून, म्हणजे १९४१ च्या दिवाळीपासून, अक्षर बदललं होतं. आधीचं मोठं, तिरकं. नंतरचं बारीक आणि सरळ. मामंजी म्हणाले, “हे बाचं अक्षर.” आजेसासरे त्या वर्षी वारले तेव्हा बा सव्वीस वर्षांच्या होत्या. विधवा बाईने भर बाजारात गादीवर बसायचं नाही, म्हणून दिवसा दूरचे दीर बसायचे. रात्री दुकान बंद झालं की चोपडी घरी यायची आणि बा टेबलावर तो दिवा लावून जमाखर्च लिहायच्या. अकरा वर्षं त्यांनी असं लिहिलं, मामंजी मोठे होईपर्यंत. दूरच्या दिरांना वाटत होतं की ही फक्त नक्कल करते. चुका ती पकडते हे त्यांना फार उशिरा कळलं.

हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं, आणि बा स्वतः बोलल्या नाहीत. तेव्हापासून मी दिव्यांबद्दल मिळेल ते वाचत आले. पुण्याला गेले की राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांच्या दालनाशी थांबते. तर पुतणीच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी, हा टेबलावरचा दिवा आपल्याकडे आला कसा ते सांगते. ते कळलं की निवडही सोपी होते.

समईपासून काचेपर्यंत

आपल्या कोकणात दिव्याला करंजाचं, उंडीचं तेल घालत, देवाला खोबरेल किंवा तिळाचं. ही तेलं दाट. वातीतून ती फार वर चढत नाहीत, म्हणून समईत ज्योत तेलाच्या अगदी काठाशी असते. उजेड थोडा आणि काजळी पुष्कळ. देवापुढे तो उजेड पुरतो. त्यात चोपडीवरचे आणे-पै वाचायचे म्हणजे डोळ्यांत पाणी.

बदल घडवला जिनिव्हाच्या एमे आर्गां या माणसाने, १७८० च्या सुमाराला. त्याने वात नळीसारखी पोकळ केली. ज्योतीला बाहेरून हवा मिळतेच, आता आतूनही मिळू लागली. वर काचेची नळी बसवली, त्यामुळे हवा वर ओढली जाऊ लागली आणि ज्योत स्थिर झाली. एका दिव्याचा उजेड सहा ते दहा मेणबत्त्यांइतका झाला. टेबलाशी बसून रात्री लिहिणं-वाचणं सुखाचं झालं ते इथून.

पण त्या दिव्यांत जळायचं काय? युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर देवमाशाचं तेल जळत होतं, आणि गरिबाच्या घरी जनावराच्या चरबीची मेणबत्ती. आजही परदेशातल्या जुन्या वस्तूंच्या यादीत ‘व्हेल ऑइल लॅम्प’ असा वेगळा प्रकार असतो. दिसायला ते सुंदर असतात. मी ते घरात ठेवणार नाही, तुम्ही तुमचं ठरवा.

ही गोष्ट सुटली ती जमिनीखालच्या तेलाने. ल्व्हिव्ह शहरात, जे आज युक्रेनमध्ये आहे, इग्नासी लुकासिएविच नावाचा औषधविक्रेता होता. त्याने खनिज तेल गाळून रॉकेल काढलं आणि त्याला चालेल असा दिवा करवून घेतला. ३१ जुलै १८५३ ला तिथल्या रुग्णालयात त्या दिव्यांच्या उजेडात रात्री शस्त्रक्रिया झाली. सहा वर्षांनी, १८५९ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली आणि रॉकेल जगभर जाऊ लागलं. ते पातळ असल्यामुळे वातीतून सहज वर चढतं. त्यामुळे तेलाची टाकी खाली आणि ज्योत वर, असा उंच, टेबलावर उभा राहणारा दिवा करता आला. पुतणीच्या पहिल्या फोटोतला दिवा या घराण्यातला.

आपल्या भाषेत या तेलाची दोन नावं रुजली. घासलेट हा ‘गॅसलाइट’चा अपभ्रंश आणि रॉकेल म्हणजे ‘रॉक ऑइल’, दगडातलं तेल. ते चार गॅलनच्या, साधारण अठरा लिटरच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून येई. तेल संपलं की डबा पाण्याला, धान्याला, नाहीतर कापून छपराला. आमच्या गोठ्याच्या एका बाजूला असे पत्रे मी स्वतः पाहिले आहेत.

महाडला हा माल खाडीने यायचा. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत शिरलेली गलबतं आणि पडाव भरतीच्या पाण्यावर दासगाव, महाडपर्यंत येत. बाच्या दिव्याचं पितळ आणि काच परदेशी होती असा माझा अंदाज आहे, कारण काच माझ्याजवळ आहे आणि ती बोलते. तिची गोष्ट पुढे सांगते.

बाच्या चोपडीतलं घासलेट

त्या चोपड्यांत घरखर्चाच्या बाजूला दर महिन्याला एक ओळ असे : ‘घासलेट, लिहिण्याच्या दिव्यास’. स्वयंपाकघराच्या चिमणीचं घासलेट वेगळं लिहिलेलं. हिशेब लिहिण्याचा खर्चही बाने हिशेबात धरला होता, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

१९४२ च्या उन्हाळ्यापासून ती ओळ तुटक होते. त्या मार्चमध्ये रंगून जपान्यांच्या हातात गेलं. हिंदुस्थानात जळणारं पुष्कळसं रॉकेल ब्रह्मदेशातून येत असे, ते बंद पडलं. गावोगाव घासलेट मिळेनासं झालं, रेशन लागलं. चोपडीत त्या महिन्यांत करंज तेल लिहिलेलं आहे. म्हणजे बा तेव्हा पुन्हा समईशी बसून लिहीत असणार. अक्षर तेव्हाही सरळच आहे.

या चोपड्यांतल्या एकाही पानाचा मी फोटो काढून ठेवला नाही. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पूर आला तेव्हा दुकान बुडालं. पाणी ओसरल्यावर आतून चिखलाचे ठोकळे बाहेर काढले, त्यात चोपड्या कुठल्या आणि पोती कुठली ते कळत नव्हतं. वर जे लिहिलं आहे ते माझ्या आठवणीतलं. म्हणूनही लिहून ठेवते आहे.

स्वदेशी काच

परदेशी दिव्यांच्या शेजारी एक आपला दिवाही उभा राहिला, तो विसरायला नको. व्हिएन्नाच्या डिटमार कारखान्याचे दिवे, अमेरिकेच्या डिट्झचे कंदील अशी तेव्हा बाजारात नावं होती. लोकमान्यांच्या काळात पैसा फंडातून, एकेक पैसा गोळा करून, १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ, औंध संस्थानच्या हद्दीत, आपला काचकारखाना घातला. त्या जागेचं नावच ओगलेवाडी झालं. तिथल्या कंदिलाचं नाव ‘प्रभाकर’. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचं नावही प्रभाकरच. पुराच्या चार रात्री सवला वीज नव्हती, तेव्हा माळ्यावरचा असाच एक कंदील आम्ही पुसून लावला होता. फोनची बॅटरी दुसऱ्या दिवशीच गेली होती.

आणि वीज? गंमत अशी की मुंबईच्या गिरण्यांना लागणारी वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होत होती. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. आमच्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेच हे १९२७. डोंगरात पडलेल्या पावसाची वीज तारांवरून मुंबईला जात होती आणि डोंगराखालच्या गावांत त्यानंतरही कित्येक वर्षं चिमणी जळत होती. बा ज्या रात्री घासलेटाचे पैसे लिहीत होत्या, त्या रात्री जिल्ह्यातल्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागत होते.

आता पुतणीचे तीन फोटो

पहिला, पितळी बुडाचा. तिला सांगितलं, आधी लोहचुंबक लाव. चिकटला तर आत लोखंड आहे, वर पितळेचा नुसता मुलामा. मुरादाबादला पितळेचं फार चांगलं काम होतं आणि तिथे ‘अँटिक फिनिश’ही देतात. नवीन वस्तू नवीन म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, पण किंमत त्याप्रमाणे द्यायची. मग झीज बघ. खरा जुना दिवा जिथे हात लागतो तिथे झिजतो : वात वर-खाली करायच्या चावीची कड, बर्नरचे आटे, बुडाची कड. सगळीकडे सारखा काळेपणा असेल तर तो बहुधा रसायनाने आणलेला. कारखान्याची खूण असली तर ती पुष्कळदा त्या चावीच्या चकतीवर बारीक अक्षरांत असते.

इथे आमची काच उपयोगी पडली. बाच्या दिव्याची काच सरळ नळीसारखी नाही, खालून थोड्या उंचीवर ती कमरेसारखी आवळलेली आहे. तिचं बूड मी मोजलं, ५२ मिलिमीटर. वाचताना कळलं की बर्लिनच्या विल्ड आणि वेसेल यांनी १८६५ मध्ये ‘कॉसमॉस’ नावाचा बर्नर काढला. त्यात चपटी वात आत जाताना गोल वळते आणि ज्योत कड्यासारखी येते. काचेची ती कंबर हवा ज्योतीवर ढकलते. हे बर्नर ‘लीन्य’ या जुन्या फ्रेंच मापात मोजतात, एक लीन्य म्हणजे साधारण सव्वादोन मिलिमीटर. आमची काच चौदा लीन्यच्या बर्नरची आहे. पुतणीच्या फोटोतल्या दिव्याला साधा चपट्या वातीचा बर्नर आहे, वर काच मात्र कंबरेची बसवली आहे. म्हणजे दोन दिव्यांचे तुकडे जोडून एक केलेला. दुकानदार त्याला शंभर वर्षांचा म्हणतो. यातली काच कदाचित असेलही.

दुसरा, हिरव्या शेडचा. असे दिवे न्यूयॉर्कमध्ये १९०९ पासून ‘एमेरलाइट’ नावाने विकले गेले. बँकेत आकडे लिहिणाऱ्या कारकुनांच्या डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून हिरवा रंग. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हा मला आवडतो हे कबूल करते. जुन्या शेडची काच दुपदरी असते, बाहेरून हिरवी आणि आतून दुधी पांढरी, म्हणजे उजेड खाली कागदावर पडतो. नकलेची काच एकपदरी, आरपार हिरवी. दिवा लावला की सगळी खोली हिरवी दिसते. शेडच्या आत डोकावून बघायचं, एवढीच परीक्षा.

तिसरा, रंगीत काचांचा. या घाटाला टिफनी म्हणतात, न्यूयॉर्कच्या लुई टिफनीच्या कारखान्यावरून. खरा टिफनी लिलावात विकला जातो, आपल्या बाजारातला प्रत्येक दिवा त्या घाटाचा असतो, त्या कारखान्याचा नाही. याची एक गोष्ट मात्र पुतणीला मी फोनवर मुद्दाम सांगितली. शंभर वर्षं सगळे समजत होते की हे दिवे टिफनीनेच कल्पिले. मग क्लारा ड्रिस्कॉल या बाईंची घरी लिहिलेली पत्रं सापडली. कारखान्यात काचा कापणाऱ्या मुलींच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या, आणि त्यातले कित्येक प्रसिद्ध दिवे त्यांनी रेखाटले होते. २००७ मध्ये न्यूयॉर्कला त्यावर प्रदर्शन भरलं तेव्हा लोकांना नाव कळलं. पुतणी थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “पणजीसारखं.” मी म्हटलं, हो, पण तिची पत्रं राहिली.

घ्यायच्या आधी बघायच्या चार गोष्टी

जुन्या वस्तूंच्या पुस्तकांत दिव्याची शेड कशाची आहे याची चर्चा सौंदर्यासाठी असते. आपल्याला ती दुसऱ्या कारणाने करावी लागते. २००९ साली मी मुंबईच्या एका दुकानातून एक लॅम्प आणला. शेड पिवळसर, जाड कागदासारखी. पहिल्याच पावसाळ्यात ती सैल पडली आणि तिला वास येऊ लागला. ती बकरीच्या कातड्याची होती. दुकानदार परत घेईना, म्हणाला, मॅडम, हीच तर त्याची किंमत आहे. मी शेड काढून टाकली, पैसे बुडीत खाती लिहिले. तेव्हापासून विचारल्याशिवाय मी शेडला हातही लावत नाही. रेशमाची शेड असते, त्यात किडे उकळलेले. लाकडी खांबावर लाखेचं पॉलिश असतं, लाख किड्याचीच. हाडाची, हस्तिदंताची नक्षी असते. हस्तिदंताचा व्यापार तर आता कायद्यानेच बंद आहे. सुती कापड, काच, पितळ, चिनी माती, साधा कागद हे आपल्याला चालतं आणि शोभतंही.

दुसरी गोष्ट वायरची. जुन्या विजेच्या दिव्यांत रबरावर सुती कापड विणलेली वायर असते. रबर वाळून तडकतं आणि धातूचं बूड ‘जिवंत’ होतं. दिवा कितीही देखणा असो, पहिल्या दिवशी इलेक्ट्रिशियनकडून तीन तारांची वायर घालून घ्या, अर्थिंगसकट, आणि प्लगही तीन पिनांचा. परदेशातून आलेला असेल तर बल्बची बैठक फिरकीची असते, आपली खाचेची. अमेरिकेचा विजेचा दाबही वेगळा, ११०-१२० व्होल्टचा. रॉकेलचा जुना दिवा विजेवर करायचा असेल तर टाकीला भोक पाडू देऊ नका. बर्नरच्या जागी बसणारा होल्डर मिळतो, वायर बाहेरून जाते. उद्या कोणाला पुन्हा मूळचा करावासा वाटला तर करता येतो.

तिसरी गोष्ट बल्बची. बा रात्री लिहायच्या तेव्हा खिडकीला पातळ ओलं फडकं लावायच्या, आणि चातुर्मासात दिवा मालवून पहाटे उठून लिहायच्या. ज्योतीवर जीव येऊन पडतात हे त्यांना सहन होत नसे. देरासरात दिवा काचेच्या फानसात ठेवतात तो याचसाठी. अग्नीत स्वतः तेउकाय जीव आहेत, त्यामुळे दिवा लावणं हे आपल्याकडे कधीच पूर्ण निर्दोष नव्हतं, गरजेपुरतंच लावायचं. आजही किडे पांढऱ्या-निळ्या उजेडावर जास्त येतात, पिवळसर उजेडावर कमी. २७०० केल्विन लिहिलेला पिवळसर एलईडी घ्या. तो तापत नाही, जुनी काच तडकत नाही, आणि जीवहिंसा कमी होते.

चौथी गोष्ट कायद्याची, खास ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तशी नाही असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सामानात गुंडाळून पाठवू नका, विमानतळावर अडचण होते.

मग घेतला कुठला?

खरेदीचा सल्ला देताना एक गोष्ट मला टोचत होती. पूर ओसरल्यावर महिन्याभरात महाडला टेम्पो घेऊन माणसं आली होती. चिखलातून निघालेल्या समया, हंडे, दिवे किलोच्या भावाने घेत होती. बायकांना घरात उभं राहायला जागा नव्हती, पैशाची गरज होती, त्यांनी दिलं. त्यांना कसं नावं ठेवणार? मी तर पूर नसताना दिलं होतं. पण दुकानातल्या दिव्यामागे अशी घरं असतात. म्हणून पुतणीला म्हटलं, भाव करताना फार ताणू नकोस, आणि एकच घे. घरात किती वस्तू ठेवायच्या याचं परिमाण मी दर पर्युषणात ठरवते. जुन्या वस्तूंचा नाद असा असतो की एक आला की दुसरा हवासा वाटतो, आणि परिग्रह पुरातन असला म्हणून कमी होत नाही.

तिने तिन्ही सोडून दिले. रविवारच्या जुन्या बाजारातून एक मान वाकवायचा, स्प्रिंगांचा टेबल लॅम्प आणला, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातला. या घाटाचं मूळ इंग्लंडचं : जॉर्ज कारवर्डाइन हे गाड्यांच्या स्प्रिंगांचं काम करणारे इंजिनियर, त्यांनी १९३२ मध्ये हा शोध लावला. दिवा हाताने जिथे न्याल तिथे थांबतो. तिच्या दिव्याचा रंग उडाला आहे, बुडाला गंजाचा डाग आहे. वायर बदलून सगळा खर्च धरूनही पहिल्या फोटोतल्या दिव्याच्या एक-पंचमांश किंमत झाली. ती सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यास त्याखाली करते. मला हा दिवा पटला. जो दिवा कोणाच्या तरी कामासाठी केला होता, त्याच कामाला तो पुन्हा लागला.

आमची काच अजून माझ्याकडेच आहे, सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. पुरात ती वाचली कारण सवच्या माळ्यावर होती. तिच्या मापाचा चौदा लीन्यचा बर्नर असलेला दिवा कुठे दिसला तर मी बुडाला हात लावून बघते. विकत घेईन का, ठाऊक नाही. बाचा दिवा तो असणार नाही, आणि माझ्या परिमाणात तो बसतही नाही. काच मात्र पुतणीला देणार आहे, तिची परीक्षा झाली की.

दिवाळीला आपण दिवे लावतो ते भगवान महावीरांच्या निर्वाणाची आठवण म्हणून. कल्पसूत्रात सांगितलं आहे की पावापुरीत त्या रात्री अठरा गणराजांनी ज्ञानाचा उजेड गेला म्हणून दिव्यांचा उजेड केला. यंदा माळा आवराल तेव्हा जुना दिवा हाती लागला तर मोडवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, हा कोण लावायचं आणि कशासाठी. आणि उत्तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. वहीचा फोटोही काढा.

लिहिताना काही चुकलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.